यंत्रमागाच्या शेडमधलं खर्ड्याचं रण

ह्यांना निवृत्त होऊन थोडेच महिने झाले होते आणि तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा कितीदा तरी बदलून झाल्या होत्या. कधी उंचीप्रमाणे, कधी रोज लागणारं पुढं आणि क्वचित लागणारं मागं. मी हळदीला हात घालावा तर हातात साबुदाणा यायचा. हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. कालवे, पाझर तलाव, बंधारे यांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेली. माणूस मुळात अबोल. निरोप समारंभात भाषणाला उभे राहिले, "सगळ्यांचे आभार" एवढं म्हणाले आणि खाली बसले. मी मुलींच्या शाळेत शिवण आणि कार्यानुभव शिकवायची, मीही त्यांच्या थोडी आधी निवृत्त झालेली. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. मला करमायचं, कारण मला बोलायला शेजार होता. ह्यांना डबे होते.

त्या हिवाळ्यात आम्ही जेऊरला गेलो. तिथं ह्यांचे मामेभाऊ असतात, ह्यांच्याहून थोडे लहान, शेती करतात. मी त्यांना भावजी म्हणते. भावजींनी ह्यांचा चेहरा बघितला आणि रात्री जेवताना म्हणाले, "दादा, घरात बसून बुरशी यील तुमाला. उद्या चला, खर्डा दावतो."

"खर्डा तर मी रोज करते," मी म्हणाले. "मिरची, लसूण, मीठ."

"त्यो न्हवं वहिनी. लढाईचा खर्डा. माझ्या आईचं माहेर त्याच बाजूला हाय की."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या जीपमधून करमाळ्याकडून पुढं गेलो. खर्ड्याचा किल्ला अजून चांगला उभा आहे. आम्ही तटावरून फिरलो, भावजींनी आणलेल्या भाकरी खाल्ल्या. मला वाटलं, झालं, आता परत. पण भावजींनी गाडी मोहरीच्या घाटाकडे घेतली आणि वर एका वळणावर थांबवली. हे खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिले ते बराच वेळ तसेच. मी जवळ गेले. खाली सगळं मैदान पसरलं होतं, काळीभोर रानं, मधे ओढ्याची वाकडी रेघ, लांब किल्ला.

"हा उतार बघ," हे म्हणाले. "मागं पठार. पठारावरून निजामाची फौज इथून उतरली. उतरताना वाट अरुंद, म्हणजे माणसं लांब ओळीत. खाली आली की एकदम उघडं मैदान. आणि मराठे तिकडं, त्या अंगाला." हात पुढं करून ते दाखवत होते. "शाळेत लढाई शिकलो तेव्हा नुसतं कोण जिंकलं ते शिकलो. ती इथंच का झाली, ते हा उतार बघितल्यावर कळतं."

सव्वादोनशे वर्षांपूर्वीची ती लढाई. पेशव्यांच्या बाजूनं सगळे मराठे सरदार एकत्र आलेले, समोर निजाम. लढाई फार चालली नाही. निजामाची फौज मागं सरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरली, मराठ्यांनी वेढा घातला आणि तिथं तिची कोंडी झाली. एवढं मला माहीत होतं. पण परतीच्या वाटेवर हे जितकं बोलले, तितकं मी त्यांना सलग बोलताना लग्नानंतर फारसं ऐकलं नव्हतं. भावजी आरशातून माझ्याकडे बघून हसत होते.

सोलापूरला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरले. ह्यांना नकाशावरच्या उंचीच्या रेषा वाचायची सवय. त्या रेषांवरून थर्माकोलचे तुकडे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, की डोंगर उभा राहतो. चिंचोळी एमआयडीसीत माझा भाचा कामाला आहे. त्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या खोक्यांतून निघालेला थर्माकोल ढिगानं पडायचा. तो पोत्यांत भरून आणून द्यायला लागला. आम्ही दोघं जमिनीवर ताट घेऊन जेवायला लागलो, कारण टेबलावर बालाघाटचा डोंगर होता. मग डोंगर टेबलाबाहेर गेला, हॉलमध्ये उतरला, आणि एके दिवशी दूधवाल्याला दार पूर्ण उघडता येईना.

"अहो, मैदान किती मोठं होणार आहे?" मी विचारलं.

ह्यांनी आकडेमोड करून सांगितलं. मी हॉलकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "मग आपण राहायचं कुठं?"

मार्ग शेजारून निघाला. शेजारचे अण्णा आणि अक्का तेलुगू विणकर घरातले. अण्णांची यंत्रमागाची शेड आमच्या भिंतीला लागूनच. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मागांचा खडखडाट मी ऐकत आले. आमच्या मुलीला तो बंद पडला की जाग यायची. पण चादरीच्या धंद्याचं काही खरं राहिलं नव्हतं, मुलं हैदराबादला नोकरीला गेली, अण्णांनी माग विकले आणि शेडला कुलूप लावलं. त्यानंतर ते रोज सकाळी कुलूप उघडून एकदा आत जाऊन यायचे. कशाला, ते कुणी विचारायचं नाही.

अक्कांकडून त्यांना डोंगराची बातमी कळली. संध्याकाळी ते आमच्याकडे आले, दारातूनच वाकून सगळं बघितलं आणि किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. "शेड मोकळीच हाय. उंदरं नाचण्यापेक्षा निजाम नाचू दे."

शेड झाडताना आड्यावरची कापसाची धूळ खाली आली, सगळे पांढरे झालो. फरशीवर मागांच्या पायांच्या खुणा होत्या. त्या खुणांवरच अण्णांनी लोखंडी घोड्या मांडल्या, वर फळ्या टाकल्या आणि आमचा खर्डा तिथं राहायला गेला. अण्णांना यंत्राचं वेड, त्यांनी सगळा सांगाडा असा पक्का जोडला की वर माणूस चढला तरी हलणार नाही. कागदाचा लगदा, त्यात मेथी वाटून घातलेली, त्याचा लेप डोंगरावर बसला. भावजींनी जेऊरहून काळी माती पोत्यात घालून बसवर टाकली; ती मी चाळणीनं चाळली आणि रानं केली. घाटाला तांबडा मुरूम. बाभळींसाठी शेवग्याची वाळलेली पानं चुरून रंगवली. ओढ्याला निळा रंग आणि वरून व्हार्निशचे हात, इतके की तो ओला दिसायला लागला.

भावजींचा फोन यायचा. "दादा, आमच्या आज्याची हीर घातली का?"

"ती विहीर लढाईनंतर शंभर वर्षांनी खणलीय," हे सांगायचे.

"मग जागा तरी मोकळी ठेवा."

आणि ह्यांनी खरंच ठेवली.

जमीन झाली. माणसांशी गाठ पडली तेव्हा सगळं अडलं. ह्यांच्या हिशेबानं माणूस तिळाएवढा हवा होता. तिळाएवढा माणूस करणार कोण आणि बघणार कोण? हे चिडचिडले, नकाशाच्या प्रमाणाला धक्का लावायला तयार होईनात. बाजारातले प्लॅस्टिकचे सैनिक आणून ठेवले तर एकेक जण घाटाच्या निम्म्या उंचीचा. अण्णा म्हणाले, "राक्षस उतरल्यावानी वाटतंय."

मी त्या दिवशी दुपारी भाचीच्या रुखवतासाठी गव्हल्या वळत बसले होते. भिजवलेल्या रव्याचा कण बोटांच्या टोकावर घ्यायचा, वळायचा, की गव्हाच्या दाण्यासारखी वळी होते. लग्नात मांडतात, खीर करतात. ताटातली एक गव्हली मी सहज उभी केली. ती पडली. बूड जरा चपटं केलं, वरच्या टोकाला नखानं चिमटा घेतला, ती उभी राहिली. डोक्यावर पागोटं असावं तशी दिसत होती. मी ताट घेऊन शेडमध्ये गेले आणि ती मैदानात ठेवली.

ह्यांनी चष्मा वर करून बघितली. "प्रमाणात नाही," म्हणाले. मग जवळ वाकून, "पण माणूस वाटतोय. असल्या किती करता येतील?"

"तुम्हाला किती हव्यात?"

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा उन्हाळा. दुपारी जेवणं उरकली की गल्लीतल्या बायका आमच्या व्हरांड्यात जमायच्या. मागच्या गल्लीतल्या खाला यायच्या, ईदच्या शेवया हातावर वळणाऱ्या. त्यांचा हात सगळ्यांत जलद. बोटं चालायची आणि तोंडंही. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं, सगळं बोलून व्हायचं आणि परातभर फौज वाळायला गच्चीवर जायची. मी त्यांना रंगात बुडवायची, मराठ्यांना एक रंग, निजामाला एक. अक्कांना मात्र वळता येईना. त्यांच्या वळ्या जाड व्हायच्या. "हे माझं काम न्हाई," म्हणून त्या उठून गेल्या. चारआठ दिवस आल्याच नाहीत. मला वाटलं, रागावल्या.

मग एका सकाळी त्या पदराखाली काहीतरी झाकून आल्या. मागाच्या जुन्या तारेचे बारीक तुकडे वाकवून, त्यांवर सूत गुंडाळून त्यांनी घोडा केला होता. अंगठ्याच्या नखावर मावेल एवढा. मान वाकलेली, शेपटीला सुताचा झुपका, एक पाय उचललेला. अक्कांनी सगळं आयुष्य मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या होत्या.

"गुर्रम," त्या म्हणाल्या. घोड्याला तेलुगूत गुर्रम म्हणतात. "बरं हाय का?"

मी काही बोलण्याआधी अण्णांनी तो तळहातावर घेतला, खिडकीपाशी नेला, फिरवून फिरवून पाहिला. "ही शेड बंद झाल्यापासून हिनं सुताला हात लावला नव्हता," ते मला हळूच म्हणाले. त्या दिवसापासून अक्का घोड्यांच्या मालकीण झाल्या. पांढरे, तांबडे, काळे, ठिपक्यांचे. हत्तीही त्यांनीच केले. अण्णा तारा कापून द्यायचे आणि बोलणी खायचे.

पावसाळ्यात एक आपत्ती आली. निजामाची उजवी फळी सकाळी बघावी तर विरळ झालेली. हे घाबरेघुबरे होऊन मला बोलवायला आले. पाहिलं तर फळीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती, आणि प्रत्येक मुंगी एकेक सैनिक तोंडात धरून अण्णांच्या भिंतीतल्या भोकाकडे चालली होती. मला इतकं हसू लोटलं की मी खालीच बसले. हे आधी माझ्याकडे रागानं बघत राहिले. मग त्यांनाही हसू आलं. शेवटी सगळी फौज उचलून, पुन्हा वाळवून, प्रत्येकाला व्हार्निश द्यावं लागलं, आणि घोड्यांच्या पायांखाली अण्णांनी तेलाच्या वाट्या ठेवल्या. सूत-तारेच्या नव्हे, शेडमधल्या लोखंडी घोड्यांच्या. हे सांगावं लागतं, कारण गल्लीत कुणीतरी विचारलंच.

भांडण झालं ते खालांच्या एका प्रश्नावरून. फौजा मांडून होत आल्या होत्या. तोफा, हत्ती, घोडे, पायदळ. खालांना बघायला आणलं. त्या टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, "सब लडतेच बैठे क्या? इनका खाना कौन पकाया?"

आम्ही सगळ्या हसलो, पण प्रश्न माझ्या डोक्यात बसला. रात्री मी ह्यांना विचारलं, "एवढी माणसं जेवायची कुठं?"

"मागं तळावर."

"तळ दिसत नाही आपल्यात."

"तो बाजूला राहतो. आपलं रणापुरतं आहे."

"मग बाजूला वाढवा की. राहुट्या हव्यात, चुली हव्यात, बायका असतील, वाणी असतील, पखालवाले असतील."

"हे लढाईचं मैदान आहे. जत्रा नाही." ह्यांचा आवाज चढला. "तुम्ही बायका मधे बांगडीवालासुद्धा बसवाल."

"बसवूच. नव्हता का तो?"

पुढचे दोन-तीन दिवस आमच्यात मिठाचा डबा कुठंय यापलीकडे बोलणं झालं नाही. मी व्हरांड्यात बायकांना सांगून टाकलं की फौज पुरे, आता आराम करा. त्या ओशाळल्यासारख्या झाल्या. अक्कांनी एक गाढव करून ठेवलं होतं, पाठीवर गाठोडं असलेलं. ते त्यांनी परत पिशवीत टाकलं.

हे त्या दिवसांत वाचत होते. ग्रंथालयातून आणलेली जाडजूड पुस्तकं शेडमध्ये खुर्चीवर बसून वाचायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी कणीक मळत होते.

"निजामाबरोबर त्याचा जनानखाना होता," हे म्हणाले. "आणि बाजारही. सगळा पसारा घेऊन ती फौज किल्ल्यात शिरली. म्हणून तिथं एवढी गर्दी झाली. तळ दाखवला नाही तर पुढचं काही कळणारच नाही."

मी मळतच राहिले.

"तुझं बरोबर होतं," ते म्हणाले. "अण्णा आणखी दोन फळ्या जोडतायत. राहुट्यांना कापड कुठलं घेशील?"

राहुट्या मी चादरींच्या कापलेल्या किनारींच्या केल्या. अण्णांकडे असल्या तुकड्यांचं गाठोडं होतं, रंगीत, नक्षीचे, जाड विणीचे. दोन्हीकडचे तळ उभे राहिले. चुली, धान्याची पोती, पखाली, खालांनी सांगितलेली मोठी डेग, अक्कांचं गाढव. आणि कोपऱ्यात एक बांगडीवाला, तोही खालांनीच वळलेला. हे तिथून जाताना त्याच्याकडे बघायचे नाहीत, पण एकदा तो आडवा पडला होता तर मी ह्यांना बोटानं त्याला उभं करताना पाहिलं.

दिवाळीच्या सुट्टीत पोरं गल्लोगल्ली मातीचे किल्ले करतात आणि लोक ते बघत फिरतात. तेव्हाच शेड उघडायची ठरली. अण्णांनी चारी बाजूंनी दोरी बांधली, ह्यांनी सुंदर अक्षरात "कृपया हात लावू नये" अशी पाटी लिहिली. पहिल्या संध्याकाळी गल्ली लोटली. शेडमध्ये अण्णांनी एवढे दिवे लावले होते की घाटाची सावली मैदानावर पडत होती. लोक आत आले आणि आपोआप आवाज खाली गेला.

हे काठी घेऊन उभे राहिले. "ही मोहरीची घाटवाट," म्हणाले. आणि थांबले. काठी घाटावर टेकलेली, कपाळावर घाम. मला निरोप समारंभ आठवला. मी दोरीपाशी पुढं झाले आणि शाळेत बोलायची तसं बोलायला लागले, निजाम कुठून आला, पेशवे कुठं होते, कुणाच्या चुली कुठं पेटल्या. लोक ऐकत होते. तेवढ्यात मागून एका गृहस्थांनी विचारलं, "बाई, निजामाची फौज एवढी मोठी दिसतीय. मग हरली कशी?"

मी ह्यांच्याकडे बघितलं.

"पाणी," हे म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. ह्यांनी काठी किल्ल्यावर नेली. "किल्ल्यात पाणी होतं. पण किल्ला एवढासा आणि माणसं, जनावरं एवढी. बाहेर हा ओढा. त्यावर मराठ्यांच्या चौक्या. समोर पाणी दिसतंय आणि घेता येत नाही."

"म्हणजे आपल्यावाणीच की," मागून कुणीतरी म्हणालं. "उजनी धरणात पाणी दिसतंय, पण नळ चार दिवसांनी."

अख्खी शेड हसली. हेही हसले, मोकळेपणानं. आणि त्या हसण्यात त्यांची जीभ जी सुटली ती सुटलीच. पाणी कुठं होतं, किती खोल असेल, घोड्याला दिवसाला किती लागतं, हत्तीला किती. सगळी नोकरी पाण्याच्या नकाशांत घालवलेला माणूस. लढाई त्यानं पाण्याच्या अंगानं सांगितली आणि सोलापूरकरांना ती लगेच कळली. एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "निजामाच्या बायकांचं लई हाल झालं असतील गं." मी हो म्हणाले.

भावजी जेऊरहून माणसं घेऊन आले. विहिरीची मोकळी जागा त्यांनी स्वतः सगळ्यांना दाखवली, लढाईआधी. "हितं आमची हीर हुणार हाय," असं सांगत होते.

दिवाळी झाल्यावरही लोक रविवारी यायचे. मग एक फोन आला. दृष्टिहीन मुलींच्या वसतिगृहातल्या बाई बोलत होत्या. मुलींना घेऊन येऊ का, असं विचारत होत्या.

हे फोनवर अडखळले. "या ना. पण त्यांना बघायचं कसं?"

"हातानं," बाई म्हणाल्या.

ह्यांनी "या" म्हटलं, फोन ठेवला आणि शेडमध्ये जाऊन बसले. मी मागोमाग गेले. अण्णा-अक्का तिथंच होते. हे म्हणाले, "सगळं पडेल. घोडे मोडतील." अक्का घोड्यांकडे बघत म्हणाल्या, "मोडलं तर परत करू. सूत काय संपलं का?"

अण्णांनी उठून दोरी सोडली. ह्यांनी पाटी काढून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

मुली आल्या त्या एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून, कुजबुजत, हसत. लहान होत्या, मोठ्याही होत्या. ह्यांनी सगळ्यात मोठीला पुढं घेतलं, तिचा हात अलगद धरून घाटाच्या माथ्यावर ठेवला. "हे पठार. इथं निजाम आहे. आता वाटेनं खाली ये."

तिची बोटं सावकाश निघाली. मुरमाची खरखर, एक वळण, दुसरं वळण. "वाट बारीक आहे," ती म्हणाली. "एका वेळी एकच बोट जातंय." मग बोटं खाली पोचली आणि तिनं तळवा पसरला. मऊ काळ्या मातीवर तो थबकला. "सपाट झालं. आजूबाजूला काहीच नाही."

"आता तू उघड्यावर आलीस," हे म्हणाले.

तिनं हात झटकन मागं घेतला आणि हसली. "म्हणजे आता मला कुणीही गाठेल."

हे माझ्याकडे वळले. डोळे भरले होते. घाटातल्या त्या वळणावर उभं राहून ह्यांना जे कळलं होतं, तेच त्या मुलीच्या बोटांना कळलं होतं.

मग सगळ्याच मुली भोवती जमल्या. एकीला राहुटी सापडली. ती कापड चाचपून म्हणाली, "ही चादर आहे. माझ्या पांघरुणाची किनार अशीच आहे." एकीला ओढा सापडला, व्हार्निशचा गुळगुळीत. ती त्यावरून बोट फिरवतच राहिली, किल्ल्यापर्यंत गेली, परत आली. "एवढ्याशा अंतरात अडवलं त्यांना?" अक्का एकेकीच्या तळहातावर घोडा ठेवत होत्या, "गुर्रम, गुर्रम" म्हणत. मुलीही गुर्रम म्हणायला लागल्या. सैनिक पटापट पडत होते. कुणी तिकडे बघत नव्हतं.

सगळ्यात लहान मुलगी माझ्याजवळ होती. काठावर पोट टेकवून, हात जितका जाईल तितका लांब करून ती चाचपत होती. तिला तळ मिळाला, बाभळी मिळाल्या, मातीचं रान मिळालं. त्यापुढं हात पोचेना.

"सर, मधे काय आहे?" तिनं विचारलं.

"मधे लढाई आहे," हे म्हणाले.

"मग मला लढाई कळलीच नाही."

ह्यांनी मधले घोडेस्वार उचलून तिच्या हातात दिले, एक तोफ दिली. तिनं ती शहाण्यासारखी हाताळली, छान आहे म्हणाली. पण मैदानात स्वतः हात घालण्यासारखं ते नव्हतं, हे तिलाही कळत होतं आणि ह्यांनाही. मुली गेल्या. आम्ही पडलेली फौज उभी करायला बसलो. हे बसले नाहीत. टेप घेऊन टेबलाच्या कडेपासून मधोमध मापं घेत राहिले, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर हे आणि अण्णा करवत घेऊन उभे. घाटाच्या पायथ्यापासून किल्ल्यापर्यंत मैदानावर खडूची रेघ मारलेली.

"काय करताय?" मी विचारलं.

"मधून वाट काढतोय," हे म्हणाले. "दोन तुकडे करायचे. मधे एक लहान मुलगी उभी राहील एवढी जागा. त्या बाईंना फोन केलाय, पुढच्या रविवारी त्या परत आणणार आहेत सगळ्यांना."

"इतक्या खटपटीनं केलेलं कापणार?"

"लढाई मधे आहे ना," हे म्हणाले, जणू एवढ्यावर सगळं आलं.

अण्णांनी करवत रेघेवर ठेवली. तेवढ्यात अक्का दारातून आल्या आणि त्यांनी हात वर केला.

"थांबा. आधी गुर्रम उचला."

मग आम्ही चौघं वाकलो आणि रेघेवरचे घोडे एकेक करून परातीत भरायला लागलो.